पडलेलं झाड आणि भिजलेली वही

  हातातलं काम चालू ठेवा, भाकरी थापत असाल तर थापत राहा, पण कान इकडं असू द्या.

मागच्या वर्षी आमच्या एका गटातल्या ताईंच्या मुलीचा नंबर दापोलीच्या कृषी महाविद्यालयात लागला. पेढे वाटून झाले आणि दुसऱ्याच दिवशी ताई आमच्याकडं आल्या. म्हणाल्या, "मॅडम, तिकडं समुद्र हाय. चक्रीवादळं येत्यात म्हणं. टीव्हीवर बघितलंय मी, माडच्या माड आडवं पडलेलं. पोरीला धाडू का नको?"

"काही होत नाही, धाडा" असं सांगून आम्हाला त्यांना वाटेला लावता आलं असतं. पण ते खरं नव्हतं. दापोलीला वादळ आलेलं आहे, आणि साधंसुधं नव्हे. मग आम्ही ठरवलं की नीट माहिती काढू. एवढं मोठं विद्यापीठ, एवढी मुलं, एवढ्या बागा, हे सगळं वादळात कसं सांभाळतात आणि वादळ गेल्यावर परत उभं कसं करतात? शोधता शोधता लक्षात आलं की हे आपल्यालाही उपयोगाचं आहे. म्हणून आज तेच सांगतोय.

आधी काय घडलं ते ऐका. ३ जून २०२०. कोरोनाची टाळेबंदी नुकतीच थोडी सैल होत होती. अरबी समुद्रात तयार झालेलं 'निसर्ग' नावाचं चक्रीवादळ त्या दिवशी दुपारी रायगड जिल्ह्यात श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला किनाऱ्यावर आलं. वाऱ्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या वर. आपल्या गावच्या रस्त्यावर एस. टी. साधारण चाळीस-पन्नासनं जाते, त्याच्या दुप्पट वेगानं वारा, आणि तोही तासन्‌तास. श्रीवर्धन, म्हसळा, माणगाव आणि शेजारच्या रत्नागिरी जिल्ह्यातले मंडणगड, दापोली या तालुक्यांना सगळ्यात मोठा तडाखा बसला. कौलं उडाली, पत्रे उडाले, विजेचे खांब वाकले. आंब्याची कलमं, माड आणि पोफळी, म्हणजे सुपारीची झाडं, हजारोंनी पडली. पुढं तेच वादळ घाट चढून आपल्या पुणे जिल्ह्यात आलं. इकडंही झाडं पडली, खांब पडले, पॉलिहाऊस फाटली.

हे वादळ का होतं, तेही थोडक्यात सांगतो. समुद्राचं पाणी खूप तापलं की त्यावरची हवा गरम होऊन वर जाते. तिथं हवेचा दाब कमी होतो. मग चारी बाजूंची हवा तिकडं धावते आणि पृथ्वीच्या फिरण्यामुळं गोल गोल फिरायला लागते. मधोमध जो भाग असतो त्याला वादळाचा डोळा म्हणतात. तिथं वारा जवळजवळ नसतो. म्हणून डोळा गावावरून जाताना लोकांना वाटतं, संपलं वादळ. बाहेर पडतात. आणि थोड्या वेळानं वारा उलट्या दिशेनं येतो. आधीच्या वाऱ्यानं हललेलं झाड, सैल झालेला पत्रा त्या दुसऱ्या वाऱ्यात पडतो. वारा थांबला म्हणजे वादळ संपलं, असं समजायचं नाही. रेडिओवरून किंवा सरकारी सूचनेतून कळेपर्यंत आतच थांबायचं.

आता दापोलीच्या विद्यापीठाकडं येऊ. त्याचं नाव डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ. १९७२ साली ते स्थापन झालं. आपल्याकडं राहुरीचं विद्यापीठ जे काम करतं, तेच कोकणात हे करतं. कृषी विद्यापीठाचं आवार म्हणजे एक गावच समजा. वर्गखोल्या आणि वसतिगृहं असतात, कर्मचाऱ्यांची घरं असतात. गोठे असतात, त्यात जनावरं. रोपवाटिका असतात, बियाण्याची गोदामं असतात, प्रयोगशाळा असतात. आणि सगळ्यात मोठी इस्टेट म्हणजे बागा. निसर्ग वादळात या विद्यापीठाच्याही इमारतींचं आणि बागांचं मोठं नुकसान झालं.

एक गोष्ट बरी होती. कोरोनामुळं महाविद्यालयं मार्चपासून बंद होती, बहुतेक मुलं आपापल्या गावी गेलेली होती. वसतिगृहं भरलेली असती तर काळजी किती वाढली असती, विचार करा. पण त्याचीच दुसरी बाजू अशी की वादळानंतर आवरायला तरणे हातही कमी होते. शिवाय एकत्र जमायला बंदी, तोंडाला मास्क, मजूर मिळेनात. अशा वेळी सावरायचं होतं.

अशा आवारात वादळाचा सामना कसा करतात, त्याचे आपण तीन भाग करू. आधी, चालू असताना, आणि नंतर.

आधीचा भाग म्हणजे इशारा मिळाल्यापासून वारा सुरू होईपर्यंतचा वेळ. चक्रीवादळ भूकंपासारखं अचानक येत नाही. हवामान खातं दोन-तीन दिवस आधी सांगतं. या इशाऱ्याची किंमत किती, ते ओडिशानं दाखवलं आहे. तिथं १९९९ साली मोठं चक्रीवादळ आलं तेव्हा जवळजवळ दहा हजार माणसं गेली. मग त्या राज्यानं किनाऱ्यावर निवारे बांधले, गावोगावी स्वयंसेवक तयार केले. २०१९ साली 'फनी' वादळ आलं तेव्हा दहा लाखांहून जास्त लोकांना आधीच हलवलं. जीवितहानी तेव्हाही झाली, पण ती शंभराच्या आत राहिली. वारा तेव्हाही जोराचाच होता. ऐकणं आणि हलणं बदललं होतं.

आवारात या दोन दिवसांत काय करायचं असतं? माणसं पक्क्या इमारतीत आणायची, तळमजल्यावर, खिडक्यांपासून लांब. कोण आलं, कोण राहिलं, त्याची यादी कागदावर करायची. पाण्याच्या टाक्या भरून ठेवायच्या, कारण वीज गेली की पंप बंद. जनरेटरला डिझेल आणायचं. रोपवाटिकेची हिरवी जाळी काढून ठेवायची, कारण ती शिडासारखी वाऱ्यानं फुगते आणि खांबासकट उपटते. सैल पत्रे, पाट्या, बादल्या, बांबू, वाऱ्यानं उडेल असं सगळं आत घ्यायचं. जनावरांचा गोठा कच्चा असेल तर त्यांना दाव्याला बांधून ठेवायचं नाही, सोडायचं. मोकळं जनावर आपला जीव वाचवायला बघतं, बांधलेलं अडकून मरतं. आणि कागद, नोंदवह्या, संगणक, बियाणं वरच्या मजल्यावर न्यायचं आणि प्लॅस्टिकमध्ये गुंडाळायचं.

एक गोष्ट यात महत्त्वाची आहे. आपल्या घरात सासूबाई सांगतात, आपण करतो. पण एवढ्या मोठ्या आवाराला एक मालक नसतो. म्हणून कोणतं काम कुणाचं, हे वादळाच्या आधी नावानिशी ठरलेलं लागतं. पाणी अमक्याकडं, गोठा तमक्याकडं, वसतिगृह वॉर्डनबाईंकडं. "कुणीतरी करेल" म्हटलं की ते काम हमखास राहतं. हे आपल्या गटालाही लागू आहे बरं का!

दुसरा भाग, वादळ चालू असताना. तेव्हा करण्यासारखं फार थोडं असतं. आत बसायचं. वीज बंद ठेवायची. वाऱ्याच्या बाजूचं दार-खिडकी घट्ट लावायची. याचं कारण समजून घ्या. छप्पर वरून दाबून मोडत नाही, बहुतेक वेळा खालून उचलून उडतं. उघड्या दारातून वारा आत घुसतो, पत्र्याला आतून ढकलतो, आणि वरून जाणारा वारा त्याला वर ओढतो. दोन्हीकडून जोर लागला की पत्रा उडतो.

तिसरा भाग, वादळानंतरचा. खरं शिकण्यासारखं इथंच आहे. कारण वादळ काही तासांचं, पण सावरायला महिने आणि वर्षं जातात.

पहिल्यांदा माणसं मोजायची. यादी हातात असेल तरच मोजता येतं. मग रस्ता मोकळा करायचा, म्हणजे रुग्णवाहिका आणि पाण्याचा टँकर आत येऊ शकेल. पडलेल्या तारेला हात लावायचा नाही, तिच्यात वीज नाही असं धरून चालायचं नाही. मग पाणी, मग वीज. निसर्गनंतर कोकणात विजेचे इतके खांब पडले होते की महावितरणची पथकं राज्याच्या इतर भागांतून तिकडं गेली. तरीही कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात होती. वीज नाही म्हणजे नुसता दिवा नाही असं नव्हे. पंप नाही, गिरणी नाही, मोबाईल चार्ज नाही, बँकेचं मशीन नाही. पैसे खात्यावर असून हातात नाहीत.

त्यानंतर मोजणी. काय पडलं, किती पडलं, कुठं पडलं. फोटो काढायचे, यादी करायची, पंचनामा करून घ्यायचा. आणि मगच साफसफाई. हा क्रम लक्षात ठेवा, आधी मोजायचं, मग आवरायचं. आपण बायका उलट करतो. घर विस्कटलेलं आपल्याला बघवत नाही. आपण आधी झाडू घेतो.

निसर्गनंतर राज्य सरकारनं मदतीची रक्कम वाढवली. पूर्ण पडलेल्या घराला साधारण पंचाण्णव हजारांऐवजी दीड लाख रुपये, आणि फळबागेला हेक्टरी १८ हजारांऐवजी ५० हजार रुपये, दोन हेक्टरपर्यंत. पण कोकणातल्या कित्येकांची वाडी चार-पाच गुंठ्यांची. हेक्टराच्या हिशेबात त्यांच्या हातात किती येणार? म्हणून तिकडून मागणी झाली की झाडं मोजा आणि झाडागणिक मदत द्या. ही मागणी करायची तर आपली किती झाडं होती, हे आधी आपल्याला ठाऊक पाहिजे. किती जणींना आपल्या बांधावरच्या नारळांची, शेवग्याची, चिंचेची नेमकी संख्या सांगता येईल?

आता झाडांबद्दल. पडलेलं झाड म्हणजे मेलेलं झाड नव्हे. वादळानंतर दापोलीच्या विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी बागायतदारांना हेच सांगितलं की सगळी झाडं कुऱ्हाडीनं तोडू नका, ज्यांच्यात जीव आहे ती उभी करा. कसं ओळखायचं? खोड मधून मोडलेलं असेल तर ते गेलं. माडाचा, पोफळीचा शेंडा तुटला तर तेही गेलं, कारण त्यांना एकच कोंब असतो. पण आंब्याचं, चिकूचं, पेरूचं झाड कलंडलंय आणि निम्मी मुळं अजून मातीत आहेत, तर ते वाचू शकतं. लहान आणि मध्यम वयाचं झाड जास्त वाचतं.

त्याची पद्धत अशी. उघडी पडलेली मुळं उन्हानं वाळू द्यायची नाहीत, लगेच ओली पोती टाकायची. मग फांद्यांचा भार कमी करायचा, कारण निम्मी मुळं तुटल्यावर ती एवढ्या पानांना पाणी पुरवू शकत नाहीत. फाटलेली मुळं धारदार कात्रीनं साफ कापायची. मग दोर लावून हळूहळू झाड उभं करायचं, दोन-तीन बाजूंनी टेकू द्यायचा, मुळांवर माती आणि शेणखत भरून घट्ट दाबायचं, पाणी द्यायचं. आणि जिथं जिथं कापलंय तिथं बोर्डो पेस्ट लावायची, म्हणजे बुरशी शिरत नाही.

इंदापूरच्या डाळिंबवाल्या बायांना बोर्डो सांगायला नको. पण ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. मोरचूद एक किलो, कळीचा चुना एक किलो, पाणी दहा लिटर. मोरचूद पाच लिटर पाण्यात वेगळं, चुना पाच लिटरमध्ये वेगळा, आणि मग दोन्ही एकत्र. भांडं प्लॅस्टिकचं घ्या, लोखंडाचं नको. झाल्यावर त्यात लोखंडी विळा थोडा वेळ बुडवा. विळ्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडलाय, आणखी घाला. हाताला पिशवी बांधा, डोळे सांभाळा.

कृषी विद्यापीठाला झाड पडल्याचं दुःख आपल्यापेक्षा वेगळं असतं. आपलं झाड पडलं तर आपलं फळ जातं. तिथं कित्येक झाडं मातृवृक्ष असतात. म्हणजे त्या एका झाडाच्या काड्या घेऊन हजारो कलमं बांधतात आणि शेतकऱ्यांना देतात. शिवाय एकेका झाडाची वर्षानुवर्षांची नोंद असते. कधी मोहोर आला, किती फळ लागलं, रोग कोणता पडला. ते झाड पडलं की नुसतं लाकूड पडत नाही, वीस वर्षांचं काम पडतं. इमारत पैसे मिळाले की दोन वर्षांत बांधता येते. वीस वर्षं पैशानं मिळत नाहीत.

यावर या विद्यापीठाच्या रचनेतच एक उपाय आहे. त्याचं सगळं एका जागी नाही. मुख्य आवार दापोलीला, फळांचं संशोधन केंद्र थेट दक्षिणेला वेंगुर्ल्याला, नारळाचं रत्नागिरीजवळ भाट्याला, सुपारीचं श्रीवर्धनला. निसर्ग वादळ उत्तर कोकणात आलं. श्रीवर्धन तर त्याच्या तोंडातच होतं. पण वेंगुर्लं लांब राहिलं. पुढच्या वर्षी मे २०२१ मध्ये 'तौक्ते' वादळ आलं, तेव्हा सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या किनाऱ्याला तडाखा बसला. चार ठिकाणी चार केंद्रं असली की एकाचं गेलं तर दुसऱ्याकडं काड्या मिळतात, बी मिळतं, नोंदी मिळतात. आपल्याकडंही शहाणी बाई सगळं बियाणं एकाच कणगीत ठेवत नाही.

एक उदाहरण परदेशातलं सांगतो. अमेरिकेत न्यू ऑर्लिन्स नावाचं शहर आहे. तिथं ऑगस्ट २००५ मध्ये 'कतरिना' चक्रीवादळ आलं. पाणी अडवणाऱ्या भिंती फुटल्या, शहराचा ८० टक्के भाग पाण्यात गेला. तिथलं तुलेन विद्यापीठही बुडालं. पूर्ण एक सत्र बंद राहिलं. पण देशभरातल्या दुसऱ्या विद्यापीठांनी त्याच्या मुलामुलींना आपल्याकडं बसवून घेतलं. जानेवारी २००६ मध्ये ते परत उघडलं आणि बहुतेक विद्यार्थी परत आले. हे छान झालं. पण पैसा कमी पडला म्हणून विद्यापीठानं काटछाट केली. काही विभाग बंद केले, लोकांच्या नोकऱ्या गेल्या. आणि त्याच फेररचनेत न्यूकम हे १८८६ पासून चालत आलेलं मुलींचं महाविद्यालय वेगळं राहिलं नाही, ते दुसऱ्यात मिसळून टाकलं. तिथल्या माजी विद्यार्थिनींना ते फार लागलं.

आम्ही हे वाचलं तेव्हा थांबून विचार केला. संकटानंतर पैसा कमी पडतो तेव्हा पहिली कात्री कशाला लागते? आपल्या घरात बघा. पीक गेलं की आधी आईच्या कानातलं गहाण जातं. मग मुलीची फी थांबते. "पुढल्या साली बघू" म्हणतात, आणि पुढल्या साली लग्न ठरतं. वादळानं पत्रे नेले हे सगळ्यांना दिसतं. वादळानं मुलीचं शिक्षण नेलं, हे कुणी पंचनाम्यात लिहीत नाही.

तुम्ही म्हणाल, आपल्याकडं कुठं समुद्र आहे? समुद्र नाही, पण वारा आणि पाणी आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये बंगालच्या उपसागरातून आलेल्या कमी दाबामुळं आपल्याकडं आणि सोलापूरकडं कसा पाऊस झाला, उभा ऊस कसा झोपला, ते आपण पाहिलंय. २१ मे २०२४ ला उजनीच्या पाण्यात करमाळ्याच्या कुगावहून आपल्या इंदापुरातल्या कळाशीकडं येणारी बोट सोसाट्याच्या वाऱ्यात उलटली आणि सहा जीव गेले. मे २०२५ मध्ये वळिवानं कहर केला, पिंपळीजवळ नीरा डावा कालवा फुटला, घरात पाणी शिरलं. म्हणजे दोन दिवसांचा इशारा असलेलं चक्रीवादळ आपल्याकडं येत नसेल, पण अर्ध्या तासात होत्याचं नव्हतं करणारा वारा येतो. तयारी आपल्याला जास्तच लागते, कारण वेळ कमी मिळतो.

आता आमची स्वतःची चूक सांगतो. सांगताना बरं वाटत नाही, पण सांगायला पाहिजे.

काही वर्षांपूर्वी आमच्या एका गटाची शेवया-पापडाची पत्र्याची शेड होती. मे महिन्यात संध्याकाळी वावटळ सुटली, मागोमाग वळीव. आठ पत्रे उडाले. पत्र्यांवर दगड ठेवलेले होते, ते आत पडले. नशीब, आत कुणी नव्हतं. आम्ही सगळ्या धावलो. रात्री बॅटरीच्या उजेडात झाडून काढलं, दुसऱ्या दिवशी वाकलेले पत्रे भंगारात घातले, शेड चकचकीत केली. तिसऱ्या दिवशी पाहणीला माणूस आला. बघायला काही शिल्लकच नव्हतं. एक फोटोसुद्धा नव्हता. मदत मिळाली नाही. चूक आमची होती.

पण पत्र्याचे पैसे ही लहान गोष्ट. शेडमध्ये लोखंडी पेटीवर गटाची वही होती. ती भिजली. निळी शाई पसरली. बँकेचं पासबुक होतं, त्यामुळं एकूण रक्कम कळत होती. पण अंतर्गत कर्जाचे हप्ते कुणी किती भरले, ते फक्त त्या वहीत होतं. एक ताई म्हणाल्या, मी सात भरले. दुसऱ्या म्हणाल्या, पाचच भरलेत. वहीत तिथं निळा डाग. चार महिने बैठका झाल्या. शेवटी आम्ही पाच धरले, कारण पाच नक्की वाचता येत होते. त्या ताई दोन हप्ते परत भरून गट सोडून गेल्या. अजून आल्या नाहीत. आज आम्हाला मनापासून वाटतं की त्या खरं बोलत होत्या.

आमचा मातृवृक्ष ती वही होती. आणि ती आम्ही एकाच जागी, उघड्यावर ठेवली होती.

म्हणून आता आमच्या संघातले गट काही गोष्टी करतात. तुम्हीही करा. यातल्या बहुतेकांना खर्च नाही.

प्रत्येक बैठक संपली की वहीच्या त्या दिवसाच्या पानाचा मोबाईलवर फोटो काढायचा आणि गटाच्या व्हॉट्सॲपवर टाकायचा, म्हणजे दहा घरांत दहा प्रती झाल्या. प्रत्येकीकडं आपलं वैयक्तिक पुस्तक असतंच, त्यात हप्ता भरल्यावर तिथल्या तिथं सही घ्यायची. वही प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून झाकणाच्या डब्यात. आधार, सात-बारा, रेशनकार्ड, मुलांचे दाखले, यांचंही तसंच.

मे महिन्यात वळिवाच्या आधी एक दिवस छप्पर बघायचं. पत्र्यावरचे दगड उतरवा. वाऱ्यात तेच डोक्यात पडतात. पत्रे हुक आणि नट-बोल्टनं आवळून घ्या. शेडचे, घराचे, झाडांचे, जनावरांचे फोटो चांगल्या दिवसांतच काढून ठेवा. नुकसान झाल्यावर आधी कसं होतं ते दाखवता येतं.

नुकसान झालं तर आधी फोटो, मग तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक यांना कळवणं, लेखी अर्जाची पोच घेणं, आणि मग आवरणं. पीकविमा काढला असेल तर नुकसान कळवायची मुदत किती आणि कळवायचं कुठं, ते विमा काढतानाच विचारून वहीत लिहून ठेवा. जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाचा नंबर १०७७, आणि कसल्याही तातडीला ११२. विजांचा इशारा देणारं 'दामिनी' ॲप पुण्याच्या शास्त्रज्ञांनीच केलंय. एकीच्या तरी मोबाईलमध्ये ते असू द्या.

कामं नावानिशी वाटा. एकटी राहणारी म्हातारी, बाळंतीण, अपंग माणूस, यांच्याकडं कोण जाणार, हे आजच ठरवा.

आणि शेवटचं. आमच्या गटांनी दर महिन्याला प्रत्येकीमागं दहा रुपये वेगळे काढायला सुरुवात केली आहे. तो पैसा एकाच कामाला आहे. संकट आलं म्हणून कुठल्याही सभासदाच्या मुलीची फी थांबता कामा नये. रक्कम मोठी नाही. पण हा पैसा पत्र्याला, सणाला, कशालाही वापरायचा नाही, असा ठराव वहीत लिहिला आहे आणि त्या पानाचा फोटो सगळ्यांकडं आहे.

तर ताईंना आम्ही हे सगळं सांगितलं. वादळ आलं होतं तेही सांगितलं, परत येऊ शकतं तेही सांगितलं. त्या बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "म्हंजी पडलं तरी उभं करत्यात तिथं. मग शिकू दे तिला तेच."

मुलगी आता दापोलीला आहे. परवा फोनवर म्हणाली, बागेत जुन्या झाडांच्या ओळीत मध्येच लहान झाडं दिसतात, तिथली मोठी वादळात गेली होती. आईनं विचारलं, "आन् पडलेली उभी केलेली?" ती म्हणाली, "ती पण हायत. जरा वाकडी हायत, पण मोहरत्यात."

मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीला वही उघडाल तेव्हा पहिल्यांदा एवढंच करा, शेवटच्या लिहिलेल्या पानाचा फोटो काढा. आणि तुमच्या गटातून कुणी अशाच एखाद्या डागामुळं दुरावलं असेल तर तिच्या घरी जाऊन या. आम्हीही येत्या रविवारी त्या ताईंच्या घरी जाणार आहोत. दोन हप्त्यांचे पैसे घेऊन.

येतो आता. नमस्कार.